यजमान सोडत नाही

निळ्या शर्टाचा खिसा. वॉशिंग मशीनमधून बाहेर आला तेव्हा स्वच्छ होता. नको तितका स्वच्छ.

बातम्या देणारी बाई. रोज संध्याकाळी सात वाजता. आवाज शून्यावर.

पाटी आणि खडू. पाटीवर: चहा? खाली दुसऱ्या अक्षरात: चालेल.

पिवळा त्रिकोण, पोटात उद्गारचिन्ह. त्याच्या खाली एक ओळ: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही.

भंगारवाला बारा वाजता येणार.

"आला का परत?" कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दारातून मान आत घालून विचारलं.

"आला मेला," त्रिकोणकाकू म्हणाल्या. "हटायचं नाव नाही."

काकूंचं हे नाव पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पडलं. तिथल्या संगणकांची देखभाल त्या सव्वीस वर्षं करत होत्या. संगणकाला जोडलेलं एखादं उपकरण रुसलं, की पडद्यावर त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण उमटायचा आणि कुणीतरी बोंब मारायचं, "काकू, त्रिकोण!" मग काकू चष्मा कपाळावर चढवून, पर्समधला स्क्रू ड्रायव्हर चाचपत निघायच्या. पण आज त्या कार्यालयात नव्हत्या, कानाच्या दवाखान्यात होत्या. आज त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि आजचा त्रिकोण घरचा होता.

घरचा म्हणजे टेबलापलीकडच्या खुर्चीत बसलेला त्यांचा नवरा. गुडघ्यांवर हात, पांढरी मिशी, चेहऱ्यावर कुठे काही बिघडलंय याची खूणसुद्धा नाही. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर पत्रं वाटली होती. निवृत्त झाले तरी गल्लीसाठी ते पोस्टमनच होते. उजवा कान केव्हाच गेलेला. डाव्या कानात अकरा वर्षं एक छोटं मशीन होतं, आणि त्या मशीनवर सगळं छान चाललं होतं.

चार महिन्यांपूर्वी ते मशीन निळ्या शर्टाच्या खिशातून धुतलं गेलं.

मेलं नाही, पण सगळं विसरलं. कुठला आवाज उचलायचा, कुठला दाबायचा, काही आठवेना. कानात नुसतं तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र चर्र. नवं मशीन लावून बघितलं. पोस्टमन म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बोलतंय," आणि ते काढून टेबलावर ठेवलं ते कायमचं.

जुन्या मशीनला त्याची आठवण परत देता आली असती. तिची नोंद दवाखान्याच्या जुन्या संगणकात होती. पण तो संगणक उन्हाळ्यात बसला, आणि मशीन बनवणारी कंपनी त्याआधीच बंद पडली होती. काकूंनी जुन्या संगणकातली माहितीची तबकडी वाचवली. तीन शनिवार खपून नव्या संगणकाच्या पोटात अख्खा जुना संगणक वसवला. त्याला भिंती नाहीत, पत्रा नाही, पण स्वतःला तो खराच समजतो. आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त कानाचं मशीन ज्या करड्या पेटीतून जोडायचं, ती पेटी आत चालेना. तशी पेटी आता दुसरी मिळत नव्हती. आणि दवाखान्याच्या वरच्या साहेबांनी जुन्या सामानाची जी यादी भंगारवाल्याला दिली होती, तिच्यात ती सातव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर होती.

सव्वाअकरा.

"यजमान सोडत नाही," काकू पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी दचकून पोस्टमनकडे बघितलं. "काका? ते तर केव्हाचे शांत बसलेत हो. तुम्हाला कुठे जायचंय?"

काकूंना हसू आवरेना. "हे नव्हेत हो! हा बाहेरचा खरा संगणक, तो यजमान. त्याच्या पोटातला तो पाहुणा. आमच्या कार्यालयात एक शब्दांचे शौकीन साहेब होते, त्यांनी साऱ्या पुस्तिकेत असंच लिहून ठेवलंय. पेटी पाहुण्याला द्यायचीय, पण यजमान मुठीत धरून बसलाय. मग पाहुण्याच्या हाती काय? त्रिकोण."

"मग कळायचं कसं, कुठला यजमान?"

"सोप्पं आहे. संगणक असला तर सोडत नाही. आमचे असले तर सोडत नाहीत. घरच्याला आदरार्थी."

समोर पोस्टमनची मिशी जराशी हलली. काकूंनी बघितलं नाही. त्यांचं लक्ष टेबलावरच्या जुन्या मशीनकडे गेलं होतं.

मशीन धुतलं गेलं त्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं होतं: मशीन पाण्यात पडलं. कुणी पाडलं, ते लिहिलं नव्हतं. पोस्टमननी वाचलं आणि म्हणाले, "पडतं कधीकधी." तेवढंच. ते 'कधीकधी' चार महिने काकूंच्या डोक्यातून गेलं नव्हतं. नवऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्या त्याच्यासमोर बसून मोठ्यानं बोलायच्या. "मीच धुतलं हो. सकाळी भांडले होते ना तुमच्याशी, रागारागात कोंबले सगळे कपडे. खिसासुद्धा बघितला नाही." पोस्टमन त्यांच्याकडे बघून हसायचे. सोन्यासारखा माणूस, काकूंना वाटायचं, आणि मी ही अशी. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, कान परत आला की त्यात पहिली गोष्ट हीच घालायची. आणि कान परत आलाच नाही, तर पाटीवरचं ते खोटं जन्मभर तसंच राहणार.

साडेअकरा.

यजमानाला लिहून दिलं: या नावाची पेटी पाहुण्याला. यजमानानं दिली. पेटीवरचा दिवा हिरवा झाला, विझला. त्रिकोण. पुन्हा. त्रिकोण. चौथ्या खेपेला काकूंनी पेटीवरचे डोळे काढून पडद्यावरच्या नोंदींच्या यादीवर लावले, आणि चोर सापडला.

"अगं बया! ही दोन नावांची आहे!"

पेटी झोपेत असताना तिचं एक नाव. पाहुण्यानं जागी केली, की ती क्षणभर बाहेर जायची आणि दुसरंच नाव सांगत परत यायची. यजमानाला ते नाव अनोळखी. अनोळखी म्हटल्यावर तो तिला स्वतःच धरून ठेवायचा.

"आता कुठलं नाव लिहून देऊ?" काकूंनी कपाळाला हात लावला. "दोन्ही दिली तरी मधल्या क्षणाला हा हात मारतोच. दर वेळी नाव बदलतंय, दर वेळी!"

"नाव कशाला बघतेस?" पोस्टमन म्हणाले, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या जरा चढ्या आवाजात. "भाडेकरू येतात, जातात. दारावरची पाटी बदलते. घर तिथंच असतं. पत्त्यावर टाक."

"गप्प बसा हो जरा, मी..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

पत्ता.

पेटीची वायर संगणकाच्या ज्या भोकात खोचली होती, ते भोक. मागच्या बाजूचं, वरून दुसरं. काकूंनी नावं खोडली आणि यजमानाला नवा हुकूम दिला: या दाराशी जो कोणी येईल, कुठल्याही नावानं येईल, तो सरळ पाहुण्याकडे. तू मध्ये यायचं नाही.

"ताई, काय काय न्यायचंय?" दारात भंगारवाला उभा होता. खांद्यावर पोतं. घड्याळात बाराला दहा कमी.

"बसा, पाणी घ्या," डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"पाणी पिऊनच आलोय."

"मग पुन्हा प्या!"

दिवा हिरवा झाला. विझला. काकूंनी श्वास रोखला. भंगारवाल्यानंही रोखला, का ते त्याला ठाऊक नव्हतं. दिवा पुन्हा हिरवा झाला आणि तसाच राहिला. पडद्यावरचा त्रिकोण नाहीसा झाला.

"ही तर चालू आहे," भंगारवाला नाराजीनं म्हणाला. "चालू माल मी नेत नाही."

अकरा वर्षांची आठवण मशीनमध्ये भरायला दोन मिनिटं लागली. डॉक्टरीणबाईंनी ते हलकेच पोस्टमनच्या डाव्या कानात बसवलं. पोस्टमननी डोळे मिटले, उघडले, वर बघितलं.

"हा पंखा कुरकुरतोय," ते म्हणाले. "तेल घाला."

डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. आता नाही तर कधीच नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन पाण्यात पडलं नव्हतं. मी धुतलं. खिसा न बघता."

पोस्टमननी कानामागे हात धरला. "काय?"

"मी धुतलं म्हटलं. मशीन."

"जरा मोठ्यानं."

"मी धुतलं हो तुमचं मशीन! शर्टासकट! रागात!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट, त्यातले निम्मे बहिरे, सगळे वळून बघू लागले. भंगारवाल्यानं मान खाली घालून पोत्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"साबण कुठला होता?" पोस्टमननी विचारलं.

काकूंच्या पोटातून असं हसू फुटलं की चष्मा कपाळावरून थेट नाकावर आला आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या काचांवर.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं गं," पोस्टमन म्हणाले. "पण चार महिन्यांनी तुझा आवाज. म्हटलं, अजून दोनदा होऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी पेटीवर चिठ्ठी चिकटवली: 'चालू आहे. नेऊ नये.' भंगारवाला यादीतले बाकीचे सहा जिन्नस घेऊन गेला.

घरी जाताना काकू अखंड बोलत होत्या. चार महिन्यांचं साठलेलं सगळं. पोस्टमन प्रत्येकाला उत्तर देत होते. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी काकू एकदम थांबल्या.

"अहो, एक सांगा. कान तर बंद होता. मग नाव बदलतंय हे तुम्हाला कळलं कसं?"

"रस्ता बघून चाल," पोस्टमन म्हणाले. "सायकल येतेय."

सायकल नव्हती.

कान बंद पडल्याच्या पाचव्या आठवड्यापर्यंत, रोज सातच्या बातम्या आवाज शून्यावर ठेवून बघत, पोस्टमन ओठ वाचायला शिकले होते.