सुएझचे गोरे आणि सगुणाबाईंचे देव

भाऊबीजेची रांगोळी पुसली जात नाही तोच बातमी आली, की सुएझच्या कालव्यावर इंग्रजांचे आणि फ्रेंचांचे सैनिक उतरले. डोंबिवलीतल्या पाटलांच्या चाळीत हा कालवा कुठं असतो, हे निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. सगुणाबाईंना मात्र चांगलं ठाऊक होतं. त्यांचा मारुती मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि बोट त्याच वाटेवर होती.

सगुणाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांचा तो स्वभावच नव्हता. आंघोळ करून त्या देवघरापुढे बसल्या, घंगाळात पाणी भरलं आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक असे सगळे देव एकेक करून त्यात ठेवले. देव पाण्यात घातले की मागितलेलं पदरात पडेपर्यंत त्यांना वर काढायचं नाही. 'माझ्या मारुतीला सुखरूप आण' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याच बोटीवर दापोलीचा हसन होता, आणखी कुणाकुणाची पोरं होती. एकट्या आपल्या पोराचं मागायला जीभ रेटेना. "देवा, तिथं उतरलेले सगळे गोरे माघारी जाऊ देत, मगच तुला वर घेईन," असं त्या बोलून गेल्या.

आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण मारुती आला! बोट कालव्याच्या तोंडावरूनच परत फिरवली होती. मार्गशीर्ष लागता लागता तो दारात उभा. रापलेला, दाढी वाढलेली, नि पहिलं वाक्य, "आये, भाकर आहे का गं?" सगुणाबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला नि मग चुलीकडे धावल्या.

त्याचं जेवण होईतो त्याच्या वडिलांना, परशुरामांना दम निघेना. लेकीचं, उत्तराचं लग्न कल्याणला ठरलेलं. मुहूर्त मार्गशीर्षाच्या अखेरीचा. त्यानंतर पौष, म्हणजे सगळं बंद.

"काढ आता देव," ते म्हणाले.

"गोरे गेले का हो?"

"अगं, लढाई थांबली केव्हाच!"

"थांबली. पण गेले का?"

परशुरामांना खोटं बोलवेना. गोरे तिथं तळ ठोकूनच होते.

देव पाण्यात असताना पहिली अक्षत कुणापुढे ठेवायची? देवक कसं बसवायचं? भटजींनी वाट काढून दिली. "बाई, तुमचा हेतू मुलाचा होता. एक अभिषेक करा आणि सोडवून घ्या." सगुणाबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, दक्षिणा दिली आणि देव होते तिथंच राहू दिले.

मग कल्याणहून रखमाबाई आल्या, मुलाच्या आई. पाटावर बसायच्या आधीच त्यांनी तोंड सोडलं. "विहीणबाई, आमच्या मुलाच्या लग्नाला इंग्लंडच्या प्रधानाची परवानगी लागते, हे आधी नाही सांगितलंत ते!"

"माझ्या तोंडून गेलं खरं," सगुणाबाई हळूच म्हणाल्या.

"आम्ही माघापर्यंत थांबायचे नाही हो. दुसरी मुलगी सांगून आलीय, तीही चांगल्या घरातली."

त्या गेल्यावर सगुणाबाई बराच वेळ घंगाळाकडे बघत बसल्या. एक हात घातला की झालं होतं. कोण विचारणार होतं? तेवढ्यात उत्तरा येऊन शेजारी टेकली.

"आई, तू नको काढूस. शब्द दिलायस तर राहू दे." मग घंगाळात डोकावून, "पण हे मेले इतके हळू का जातात गं?"

सगुणाबाईंना हसूच फुटलं.

त्या दिवसापासून सगळी चाळ जगाच्या राजकारणात पडली. नळावर बायका भांडायच्या सोडून राष्ट्रसंघावर बोलू लागल्या. घरमालक गुणाजी पाटलांचा रेडिओ सकाळी ओसरीवर यायचा आणि बातम्या लागल्या की पोळी तव्यावर करपायची. मानपाड्याची ठमाबाई भाजीची पाटी उतरवायच्या आधी विचारायची, "गेलं का गो बाय तुजं गोरं?" नाही म्हटलं की म्हणायची, "आमचे गावाला बसलं असतं त एका दिसान पलवलं असतं!" आणि वांगं एक जास्त टाकायची.

मुहूर्ताला चारच दिवस उरले. त्या सकाळी गुणाजी पाटील खांद्यावरचा पंचा सावरत ओसरीवरून धावतच आले. "सगुणाताय! गेले! शेवटची बोट काल सुटली!"

"सगळे? मागं कुणी राहिला नाही ना?"

"कोण राहतोय? नाताळ आलाय त्यांचा तोंडावर. घरला जायची घाई असल ना पोरांना."

"होय का?" सगुणाबाईंनी हात जोडले. "बरं झालं बाई. तिकडच्या आयाही वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील."

मग काय विचारता! मारुतीनं बंब पेटवला, कारण इतके दिवस गार पाण्यात राहिलेल्या देवांना गार पाण्यानं आंघोळ घालणं सगुणाबाईंना पटेना. कढत पाणी, दूध, मध, साखर. बाळकृष्ण पुसून कोरडा करताना त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि तोंड हसत होतं. परशुराम टोपी घालून कल्याणला निरोप द्यायला निघाले, तर चाळीच्या तोंडाशीच रखमाबाई भेटल्या. हातात ओटीचा नारळ, मागं दोन पोरी.

"आम्हांला का बातम्या कळत नाहीत?" त्या आत येतायेताच म्हणाल्या. "त्या दुसऱ्या मुलीकडे आमचा मुलगा बघायलाच तयार नव्हता. रोज सकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओला चिकटून! म्हणे, आज गेले असतील."

आतल्या खोलीत उत्तरानं तोंडावर पदर धरला.

सगुणाबाईंनी ओल्या हातानंच विहिणीला कुंकू लावलं. रखमाबाईंनी हळूच त्यांचा दंड धरला. "पुढच्या वेळी देवाकडं जरा जवळचं मागा हो, विहीणबाई. आमचे प्राण कंठाशी आले होते."

"मला कुठं कळतंय जवळचं नि लांबचं," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिली अक्षत देवापुढे ठेवली.