वफ्र्यातली भाजावळ

उन्हाळाभर बंद असलेलं घर उघडलं की आधी मारामारीच करावी लागते. गालिचा उलटला की विंचू, मोटरीच्या खोलीत साप, छपराखाली गांधीलमाश्या. त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत मी चपलेनं अकरा विंचू ठेचले होते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाच्या जागी मला रियाजचं तोंड दिसत होतं.

हे घर माझं नाही. कुवेतच्या दक्षिणेला वफ्र्यात आमच्या कफिलाचा मळा आहे. ज्याच्या व्हिसावर आपण राहतो तो कफील. नोव्हेंबरात हवा गार झाली की दर गुरुवारी त्याचं बायकापोरांचं सगळं खटलं शहरातून इथं येतं, ते मार्चपर्यंत येत राहतं. त्याआधी घर धुवायचं, शेकोटीचा खड्डा साफ करायचा, टोमॅटो-काकडीची रोपं लावायची, खजुरांच्या वाळलेल्या झावळ्या उतरवायच्या. नऊ वर्षं हे सगळं मी, मुनव्वर, करतोय. चार वर्षांपूर्वी मदतीला माणूस हवा झाला, तेव्हा मीच शहाणपणा करून धाकट्या बहिणीच्या, नाझियाच्या, नवऱ्याला गुहागरहून आणला. तो रियाज. विकत घेतलेलं दुखणं म्हणतात ते हेच.

रियाज वर्षातून एक महिना गावी जायचा. या खेपेला परतला तेव्हा नाझियानं दिलेली सांडगी मिरची त्यानं माझ्या हातात ठेवली. पंधरा दिवस ती मी भाताबरोबर चवीनं खाल्ली. सोळाव्या दिवशी भाचीचा, फिजाचा, फोन आला. तिच्या बापानं निघायच्या आदल्या दिवशी अम्मीचा डावा हात कोपरात मोडला होता. तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं. मिरचीची पुडी अम्मीनं एका हातानं, दातात दोरा धरून बांधली होती.

मग नाझियानं फोन घेतला.

"भाई, मी जमातीत खुला मागितलाय," ती म्हणाली. खुला म्हणजे बायकोनं मागून घेतलेली सोडचिठ्ठी, जमात म्हणजे गावातल्या आमच्या समाजाची पंचायत. "जमातवाले तयार आहेत. त्याची सही झाली की मी सुटले. कागद पाठवते. सही तेवढी घे. हात लावू नकोस त्याला. तुझा राग मला ठाऊक आहे."

"नाय लावत," मी म्हटलं.

फहाहील शहरात जाऊन कागदाचा प्रिंट काढला. दोन दिवस तो खिशात घेऊन हिंडलो. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. आणि ते बरोबरच होतं.

विंचू संपवून मी मागच्या बाजूला गेलो. रियाज खजुरावर होता, वीसेक फूट उंच, कमरेला दोराचा पट्टा, हातात कोयता. खाली झावळ्यांचा ढीग पडला होता. त्या मला वाफ्यासाठी हव्या होत्या. आमच्याकडे पेरणीआधी दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजतात; तीच भाजावळ. जमिनीवर पाला, शेण, गवत पसरायचं आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, माती मोकळी होते. कफील हसतो, पण मी इथंही दर वर्षी रोपांच्या वाफ्याला भाजावळ करतो आणि माझे टोमॅटो शेजाऱ्यांच्या आधी पिकतात.

"खाली ये," मी म्हटलं. "एका कागदावर सही करायची आहे."

"कसला कागद?"

"खुल्याचा."

त्यानं कोयता चालवला. झावळी सरळ माझ्या अंगावर आली. खजुराच्या झावळीला बुडाशी बोटभर लांब काटे असतात. दोन माझ्या खांद्यात घुसले. ते उपसले तेव्हा सदरा छातीपर्यंत लाल झाला.

"लागलं काय, भाई?" तो वरून हसत होता. "बहिणीला सांग, सही नाय मिळणार. आणि पुढच्या खेपेला दुसरा हात."

इथं मी कागद घडी करून परत जायला हवं होतं. कफिलाकडे जायला हवं होतं, फरवानियातल्या आमच्या गाववाल्यांना गोळा करायला हवं होतं. चार माणसं जमली असती तर रियाजनं मुकाट्यानं सही केली असती. मोठ्या माणसांपुढे तो नेहमीच शेपूट घालायचा. पण डोकं फिरलं की मी कुणाचा नाही.

गुडघा खराब असल्यानं मला चढता येत नव्हतं. मधाच्या पोळ्याखाली धुरी देतात तशी देऊ, खोकत खाली उतरेल, मग बघू, एवढंच माझ्या मनात आलं. मी ढीग लाथेनं बुंध्याशी ढकलला आणि काडी लावली. गावी माडाच्या बुंध्याशी मी शंभर वेळा कचरा जाळला आहे. माड काळा पडतो, पेटत नाही. पण हा माड नव्हता. खजुराच्या खोडाला तळापासून शेंड्यापर्यंत वाळका काथ्या गुंडाळलेला असतो. नऊ वर्षं मी तो रोज बघत होतो. रागात माणूस जिथं उभा असतो तिथं नसतो, मी गुहागरात होतो.

जाळ खोडावरून धावत वर गेला. रियाजचं हसू थांबलं. तो ओरडला, "भाई, दोर अडकला!" मी पाण्याचा पाइप ओढला, मोटर बंद होती. ती चालू करून येईतो त्याची लुंगी पेटली होती. तो कोयत्यानं दोरावर घाव घालत होता. एक चुकला आणि त्याच्याच मांडीत बसला. शेवटी दोर तुटला आणि तो पाठीवर पडला, हौदाच्या सिमेंटच्या कडेवर. तो आवाज मी ऐकला.

वरून जळत्या झावळ्या कोसळत होत्या. मी त्याला बगलेत धरून ओढलं, हातांनी त्याची लुंगी विझवली, माझ्या तळव्यांची कातडी सोलून निघाली. आणि तो सुरक्षित जागी आला तेव्हा मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. खोटं कशाला सांगू? एक नाही, तीन घातल्या. तिसऱ्या लाथेला लक्षात आलं की तो अंग आकसतोय पण पाय हलवत नाहीय.

शेजारच्या मळ्यातल्या बंगाल्यांनी आग विझवली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. पोलिसाला रियाजनंच सांगितलं, खाली कचरा पेटला, मी पडलो. ही काही माझ्यावरची माया नव्हती. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मीही तोंड उघडलं असतं, आणि नाझियाचा हात कुणी मोडला ते बाहेर आलं असतं. डॉक्टरांनी तीन दिवसांनी सांगितलं की कमरेखालचं गेलं, परत येणार नाही. कफील भला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकीट काढतो, सोबत नर्स देतो, म्हणाला. मग मला विचारलं, "गावी बायको आहे ना याची?" मी हो म्हटलं. "अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला, आणि बरं वाटल्यासारखा निघून गेला.

मी नाझियाला फोन केला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, वॉर्डबॉयनं फोन कानाशी धरला. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"जमातवाले काल येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणाले, अपंग माणसाला टाकून जाशील तर लोक तोंडात शेण घालतील. अर्ज मागे घे. मी घेतला."

"नाझिया, मी..."

"एक सही सांगितली होती, भाई." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "वर्षातला एक महिना मी मार खायची. अकरा महिने माझे होते. शिवण शिकले, फिजाला शाळेत घातली. आता बारा महिने त्याची खाट माझ्या घरात."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही कोण जाणे, चांगला कान तिनं फोनला लावला होता की दुसरा, तेही मला माहीत नव्हतं.

"कमरेखालचं गेलं म्हणतात," मग ती म्हणाली. "आणि हात?"

ती का विचारतेय ते मला कळलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण आठवड्यानं तिला दिसणारच होतं.

"हात चालतात," मी म्हटलं.