रिकाम्या घराला हाक

त्या रविवारीही आबांनी दाराची पितळी कडी वाजवली आणि हाक दिली, "येई ऱ्हायनू रे भो!"

आत कुणी नव्हतं. शेठ मंडळी मुंबईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोपीपुऱ्यातलं त्यांचं हे लाकडी घर, कोरीव खांब आणि सज्ज्याखालच्या लाकडी पोपटांसकट, आबा सांभाळत. बमरोलीतलं मागावरचं काम सुटल्यापासून ते शेजारच्या खोलीत राहायचे. रोज सकाळी इथल्या साऱ्या खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या. बंद घरात मांजर असतं, कबुतरं असतात, त्यांना कळावं म्हणून आधी हाक.

समोरच्या ओट्यावर कुंदनबेन तांदूळ निवडत होत्या. "काका, अंदरथी कोई जवाब आपे तो मने कहेजो!"

"जवाब दिधा ते मीच पळसू," आबा म्हणाले.

मी भरीत-भाकरी आणली होती. घरातल्या चौकात वरून ऊन उतरतं, तिथं बसून जेवलो.

"आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, आबा. दवाखाना तर खालीच."

"माले काय व्हयनं? आनि खिडक्या बंद राह्यन्या ना, ते लाकूड कुबट मारस. घरले मानूस लागस, बेटा."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. आई गेल्यापासून मी हेच सांगत आले होते: लिफ्ट, दवाखाना, दाराशी रिक्षा. सगळी कारणं त्यांच्या सोयीची, आणि त्यांना त्यातलं काहीच नको होतं. माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळी काय होतं, ते मी कधी बोलले नाही. निघताना त्यांनी रिकामा डबा विसळून दिला.

बुधवारी उन्हं वर आली तरी खिडक्या उघडल्या नाहीत, हे कुंदनबेनच्या लक्षात आलं. आबा झोपेतच गेले होते.

दहाव्यानंतर शेठांचा फोन आला. चाव्या समोर कुंदनबेनकडे ठेवा, म्हणाले. त्याआधी खिडक्या एकदा उघडाव्यात म्हणून मी गेले. वरचे गज कबुतरांनी भरले होते. मी कडी वाजवली. आबांसारखी हाक काही तोंडून निघेना. कुंदनबेननं सूप खाली ठेवलं.

मी दार ढकललं. आत कुबट वास होता.

"आबा," मी मोठ्यानं म्हणाले, "माले एकलीले करमत नई. घर चला ना."