दोन बोटं जास्तीचं तेल

नागपुरात कळमन्याच्या मार्केटात संत्री उतरवून ट्रक पारडीच्या घरासमोर येऊन थांबला, तेव्हा त्याच्यामागे गल्लीभर निळा धूर रेंगाळत होता. पियूष दार आपटून खाली उतरला.

"बस झालं आता. चढाव आला की गाडी मरते. मिस्त्री म्हणते पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलाच लागन. मी तर म्हणतो, भंगारात देऊन टाकू."

त्याचे बाबा, रुपराव, ओट्यावर बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी हा ट्रक चालवला होता. दोन वर्षांपूर्वी धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं डोळ्यांचा पडदा गेलाय, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हापासून गाडी पियूषकडे गेली. रुपरावांकडे उरलं फक्त सकाळचं काम: बॉनेट उघडायचं, तेलपाणी करायचं.

"मिस्त्रीनं काही तपासलं, का धूर पाहूनच बोलला?" सोनिकानं विचारलं. पियूषची ही धाकटी बहीण यंदाच एम.एस्सी. झाली होती.

"तू लॅबवाली नं? तूच तपास."

"इंजिन खोलाले मिस्त्रीले दोन दिवस दिलेच असते नं दादा? मले पण दे."

तिनं इंजिनाकडे हवा नेणारा पाइप सोडवला. आत तेल आणि धुळीचा डांबरासारखा थर बसला होता. म्हणजे इंजिनाला धड श्वासच मिळत नव्हता. पण हे तेल आलं कुठून? रिंगा गेल्या असतील, तर ते इंजिनाच्या पोटातली वाफ या पाइपात सोडणाऱ्या नळीतून येणार. तिनं पाइप डिझेलनं धुतला, कोरडा करून बसवला, आणि ती नळी सोडवून एका रिकाम्या बाटलीत बांधली.

"आता खाप्याची एक ट्रिप मारून ये."

दुपारी ट्रक परतला. बाटलीत जेमतेम चमचाभर तेल होतं. पाइप मात्र पुन्हा ओला. रिंगा शाबूत होत्या. तेल वरून, एअर क्लीनरमधून येत होतं. या जुन्या गाड्यांत हवा आधी तेलाच्या वाटीवरून जाते, धूळ तिथंच चिकटते. सोनिकानं ती वाटी काढली. तेल कुठवर भरायचं ते दाखवणाऱ्या आतल्या उठावदार रेघेच्या दोन बोटं वर तेल होतं. जास्तीचं सगळं इंजिन ओढून घेत होतं आणि जाळत होतं.

"दादा, हे तेल तू टाकतो?"

"मी कायले? बाबा टाकते नं रोज."

उत्तर सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर यायच्या आतच विरला. बोलावं तर बाबांचं एकुलतं एक काम जाणार. न बोलावं तर गाडीच जाणार. ती वाटी घेऊन ओट्यावर गेली.

"बाबा, रेघ दिसते का तुम्हाले?"

"कुठची दिसून राहिली वं? अंदाजानं टाकतो. कमी नको पडाले म्हणून वरून जराशी धार सोडतो." ते थांबले. "काहून? त्यानंच झालं का?"

तिनं मान हलवली, मग त्यांना तेही दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "हो बाबा."

"म्हणजे मीच तिचा गळा दाबून राहिलो होतो."

सोनिकानं वाटी रिकामी केली, त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. "इथवर. हप्त्यातून एकदा."

रुपरावांनी बोट रेघेवरून गोल फिरवलं. एकदा, दोनदा.

"अन् बाकीचे सहा दिवस मी का करू?"

सोनिकानं वाटी पुसून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप पुन्हा धुतला. रुपरावांनी बोटानं चाचपत वाटी भरली. सेल्फ मारताच एक निळा भपकारा आला, आणि मग नुसती हवा.

"भंगारवाल्याले फोन लावू का दादा?" सोनिकानं विचारलं.

"कोन भंगारवाला? मी कोनाले वळखत नाही," म्हणत पियूषनं गाडी काढली.

ट्रक कोपऱ्यावरून वळला. रुपराव फाटकाशी मान तिरपी करून उभे होते.

"दुसरा," ते पुटपुटले. "तिसरा." मग कपाळाला आठी घालून, "चौथा लवकर टाकला गा! जराशी ओढू द्याची होती तिले."

सोनिकाला नुसतं इंजिन ऐकू येत होतं. नंतर तेही भंडारा रोडच्या गलक्यात मिसळलं. रुपराव मात्र हलले नाहीत. त्यांचा डावा हात कमरेशी, अर्धवट मिटलेला, पुढच्या गिअरसाठी तयार होता.