चारीवरचं चाक

थोरले भाऊजी कुऱ्हाड घेऊन आमच्या आखाड्यावर, रानातल्या घरी, आले तेव्हा भर दुपार होती आणि चाक जोरात फिरत होतं.

विजेचे खांब गावातच संपले, आखाड्यापर्यंत कधी आलेच नाहीत. मग घरामागं कालव्याची चारी जिथं पुरुषभर खाली पडते, तिथं माझ्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, बाभळीचं चाक बसवलं. जिंतूरच्या भंगारातून ट्रॅक्टरचा डायनामो आणून त्याला जोडला. दोन दिवे आणि एक पंखा. चिमणीच्या धुरात भाकरी थापून माझे डोळे जायची वेळ आली होती. त्या चाकावर माझा जीव होता.

भाऊजींचं, म्हणजे चंद्रभानचं रान त्याच चारीवर, आमच्या खाली. त्यांचा हरभरा वाळत चालला होता.

"परम्या, पान्यातला करंट तू काढून घ्यायलास अन् चोथा मला सोडायलास. चोथ्यावर हरभरा येतो का?"

"दादा, चाक पानी पीत न्हाई. जेवढं येतंय तेवढं खाली जायलंय."

हे अर्धंच खरं होतं. चाकाला जोर मिळावा म्हणून आम्ही चारीत फळी ठोकली होती, आणि तुंबलेलं पाणी काठावरून आमच्याच रानात उतरत होतं. फळी सगळ्यांसमोर होती. पण भाऊजींना चाकापुढं दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि दाखवायला मी काही मूर्ख नव्हते.

त्यांनी कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, परमेश्वरच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर बसला, रक्त डोळ्यांत उतरलं. मी धावले आणि भाऊजींच्या मनगटाला कडकडून चावले. कुऱ्हाड पडली. त्यांनी माझ्या पोटात लाथ घातली, मला बाजूला फेकलं आणि नुसत्या हातांनी फिरतं चाक धरलं.

चाकानं त्यांना खांद्यापर्यंत आत ओढलं. हात चारीची भिंत आणि चाक यांच्यात चेंगरला, चाक अडलं, पण वरून पाणी रेटतच होतं. ते ओरडत होते, तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

"राजेश्री, फळी काढ," परमेश्वर म्हणाला.

मी ओढली. फळी पाण्यानं फुगून खाचेत घट्ट बसली होती. नखं तुटली, फळी हलली नाही. वळून पाहिलं तर परमेश्वर कुऱ्हाड उचलून भावाच्या डोक्याशी उभा होता. हा आता भावाला तोडणार, असं मला वाटलं. खरं सांगते, मी त्याला अडवलं नसतं.

त्यानं घाव घातला तो चाकाच्या कण्यावर. पुन्हा घातला. घालतच राहिला. कणा मोडला, चाक खाली कोसळून फुटलं आणि डायनामो पाण्यात गेला.

भावाला त्यानं काठावर ओढलं. हात कोपरापासून नुसता लोंबत होता, हाड बाहेर आलं होतं. भाऊजींनी डोळे उघडले. हाताकडं पाहिलं नाही, भावाच्या फुटक्या डोक्याकडंही नाही.

"आता येईल का रं पानी माझ्या रानात?"

परमेश्वरनं त्यांच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. मग स्वतःच्या डोक्याला बांधलेला रुमाल सोडून तो भावाच्या हाताला बांधू लागला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मला रडू आलं नाही. चाकाचे तुकडे चारीतून खाली, भाऊजींच्या रानाकडं वाहत चालले होते, आणि त्या दोघांपैकी कुणाचीच मला कीव येत नव्हती.