पलंग लोधिवलीला गेला

“वरचं बटण दाबा. खालचं नाय, वरचं,” मुनाफ फोनवर पुन्हा तेच सांगत होता. पाय प्लास्टरमध्ये, पाठीमागे उशा, आणि जीव सगळा तिकडे कडाव गावात.

कडावच्या इंदूबाईंना श्वास लागला होता. रुग्णांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देणाऱ्या क्लबचं ऑक्सिजन मशीन घेऊन जागृती आणि मालोजी हे सभासद गेले होते. जागृती पोळी-भाजी केंद्र चालवायची. क्लबमध्ये इतकी वर्षं तिच्याकडे एकच काम, पाहुण्यांना गुलाबाचं फूल देणं. ती आता मशीन लावणार, म्हणून मुनाफ एकेक गोष्ट दोनदोनदा सांगत होता. फोनवर मशीनची शिट्टी ऐकू आली तसा तो अजून जोरात बोलू लागला.

“मुनाफभाई, फोन ठेवते,” जागृती म्हणाली. “तुमी बोलताय तोवर मला इथलं कायच सुचत नाय.”

तिने खरंच ठेवला. बऱ्याच वेळाने मालोजीचा मेसेज आला. नळी खाटेच्या पायाखाली दाबली गेली होती, जागृतीने सोडवली, आता बाईंना झोप लागलीय.

कर्जतच्या बाजारात मुनाफचं पाइप-नळांचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखत ते क्लबचा अध्यक्ष म्हणून. दरवर्षी निवडीची वेळ आली की सगळे त्याच्याकडे बघत, आणि नको नको म्हणत तोच पुन्हा खुर्चीत बसे. सभासद कामाला येत नाहीत, हे त्याचं कायमचं गाऱ्हाणं. तो फोन करी, हे खरं. पण समोरच्याने पायात चपला घालेपर्यंत याचा टेंपो निघालेला असे. मालोजी एकदोनदा धावत आला, झालेलं काम बघून परत गेला, मग यायचाच थांबला.

यंदा पावसाळा सरता सरता भिवपुरीच्या एका रुग्णाकडचा क्लबचा लोखंडी पलंग एकट्याने जिन्यावरून उतरवताना मुनाफचा पाय घसरला आणि नडगी मोडली. पाठ वर-खाली करता येणारा तो पलंग त्याच्याच घरी आला आणि तो त्यावर आडवा झाला.

कडावच्या दिवसानंतर फोन कमी होत गेले. कुबड्या कुणाला दिल्या, चाकाची खुर्ची कुठून आणली, हे त्याला दुसऱ्यांकडून कळे. तो उगाच कूस बदलायचा, बायकोला, नाझियाला, दुकानाचं तेच तेच विचारायचा. “आराम करा की,” ती म्हणायची. आराम म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

एका दुपारी जागृती आली. उभ्या उभ्याच बोलली.

“लोधिवलीचे बुधाजी पडून हायत. कमरेचं हाड मोडलंय. जमिनीवर झोपून पाठीला जखमा झाल्यात. पलंग पायजे.”

“दुसरीकडे विचारा ना.”

“विचारलं. कुठंच नाय.” ती क्षणभर थांबली. “तुमच्या डॉक्टरांशी बोलले मी. तुमी आता साध्या गादीवर झोपलात तरी चालंल म्हणाले.”

आपल्याला न विचारता ही डॉक्टरपर्यंत गेली, याचा त्याला राग आला. पण बुधाजीची पाठ डोळ्यांपुढे आली आणि राग जागच्या जागी विरला.

“कधी नेताय?”

“टेंपो खाली उभा हाय.”

तिने खिडकीतून हाक मारली. मालोजी आणि क्लबचेच प्रवीण, समीक्षा वर आले. मालोजीने आणि प्रवीणने मुनाफला धरून खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि पलंग खोलायला घेतला. डोक्याकडचा बोल्ट अडला. तो आधी थोडा आवळावा लागतो, मग सुटतो. मुनाफच्या ओठांवर आलं होतं. मालोजीचा पाना सटकला, पुन्हा सटकला. जागृतीने खाली बसून बोल्ट निरखला, प्रवीणला लोखंडी दांडा उचलून धरायला सांगितलं आणि म्हणाली, “आता फिरवा.” सुटला. ही युक्ती मुनाफला कधी सुचली नव्हती.

पलंगाचे भाग एकेक करून बाहेर गेले. जिन्यावर कोण पुढे, कोण मागे, यावर थोडी बाचाबाची झाली, समीक्षा हसली, मग टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

नाझिया चहाचा ट्रे घेऊन आली आणि रिकाम्या खोलीत थबकली.

“चहा न घेताच गेले?”

“काम होतं त्यांना,” मुनाफ म्हणाला, आणि एक कप उचलून त्याने तिच्यापुढे धरला.