विम्याचं इंजिन

"उठा म्हन्ते ना! पाणी बाभळीपावतर आलं."

"येऊ दे. त्याच्यासाठीच तं विमा काढला."

बापूराव इंजिनावर बसला होता. डोक्यावर पोत्याची खोळ, हात मांडीवर. समोर अडाण नदी लाल होऊन काठ खात होती, आणि हा माणूस लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तसा निवांत बसला होता. आवडाबाईनं कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचे पुष्कळ हट्ट पाहिले होते, पण पुराचं असं स्वागत ती आजच पाहत होती.

"अवो, इंजिन वाहून जाईन!"

"जाईन तं जाईन. विमा भेटन. हालवलं का विमा गेला."

"अन् विमा भेटेपावतर वांग्याले काय पाजू? विमा पाजू?"

बापूरावनं डोक्यावरची खोळ पुढे ओढली. तो पुन्हा नदीकडे पाहू लागला.

मंगरूळपीरच्या रस्त्यापासून थोडं आत, नदीकाठाला, या दोघांची दीड एकराची वाडी होती. वांगी, मिरची आणि कोथिंबीर, जिला आमच्याकडे सांबार म्हणतात. पूर्वी विहिरीवर मोट होती. बापूराव बैल हाकायचा, आवडाबाई वाफ्यावाफ्यात पाणी वळवायची, आणि अर्धी वाडी भिजायच्या आत बैल थकायचे. मग इंजिन आलं. पाच हॉर्सपॉवरचं, लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेलं. ते धकधकायला लागलं आणि आवडाबाईच्या एका टोपल्याची दोन टोपली झाली. मंगरूळच्या बाजारात लोक तिला 'इंजिनवाली बाई' म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. आता हे इंजिन गेलं तर पुन्हा मोट होती आणि पुन्हा थकलेले बैल होते. तिचे हात मात्र मोटेच्या वयाचे राहिले नव्हते.

विमा आला तो इंजिनाबरोबरच. बहात्तरच्या दुष्काळानंतर बँकेनं कर्जावर इंजिनं दिली, तेव्हा अकोल्याहून विम्याचे साहेब आले होते. त्यांनी इंजिनाला पत्र्याची बारकी पट्टी ठोकली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "हे इंजिन या विहिरीवरचं म्हणून नोंदलंय. आग, चोरी, पूर, सगळ्याचा विमा आहे." पूर म्हटल्याबरोबर अख्खं गाव हसलं, कारण त्या साली अडाणच्या पात्रात पोरं गोट्या खेळत होती. बापूराव हसला नाही. त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य जाऊन बसलं होतं: या विहिरीवरचं. त्याच दिवशी त्यानं इंजिनाच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, आणि त्यानंतर ते दगड कोणाला हलवू दिले नाहीत. बापूराव दिलेला शब्द पाळणारा माणूस होता. अशा माणसाला एखादा नियम सापडला, की घरच्यांचे हाल होतात.

शेजाऱ्यांचेही होतात. वाडीच्या वर, चढावर, इंद्रभानचं शेत होतं. त्याच्या बापानं छपन्न साली बुद्धाची दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि मजुरी करून करून हे शेत उभं केलं. इंद्रभानच्या विहिरीला पाणी होतं, पण दुष्काळात त्याचा एक बैल मेला, आणि एका बैलावर मोट चालत नाही. शेतात कांदा उभा होता. तो बापूरावकडे आला, म्हणाला, दोन दिवस इंजिन द्या, तेल माझं. बापूरावनं उभ्या उभ्या सांगितलं, "विमा मोडते बाप्पा. साहेबानं जागा लिवली." इंद्रभान एक शब्द न बोलता परत गेला. कांदा जागेवर वाळला.

बोलली ती त्याची बायको. मंगरूळच्या बसथांब्यावर, चार बायांच्या देखत, वच्छलानं आवडाबाईला विचारलं, "काय वं, विमा इंजिनाचा हाय का तुमच्या जातीचा?"

आवडाबाईला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं. उत्तर तिलाच माहीत नव्हतं. पुढे नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ हिरालाल इंजिन मागायला आला, त्यालाही बापूरावनं नाहीच म्हटलं, पण रात्रभर तळमळून मग म्हटलं. इंद्रभानला नाही म्हणायला त्याला चूळ भरण्याइतकाही वेळ लागला नव्हता. हा फरक तिनं पाहिला होता, आणि नवऱ्याला कधी बोलून दाखवला नव्हता.

आता मात्र बोलण्यात घालवायला वेळ नव्हता. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता आणि नदी डोळ्यांदेखत चढत होती. आवडाबाईनं बैल आणून गाड्याला जुंपून पाहिले. काळ्या मातीचा नुसता राबडा झाला होता. दोन पावलांत चाकं रुतली आणि बैलांनी बसकण मारली. बापूराव वरून म्हणाला, "पाह्यलं? बैलाले समजते, तुले समजत नाही."

तिनं बैल सोडले, पदर कमरेला खोचला आणि ती सरळ चढावर निघाली.

इंद्रभान दारात उभा राहून पूरच पाहत होता. तिला पाहून म्हणाला, "काहून, बाई? विमा हाय ना तुमचा?"

वाटेत तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. ती सगळी विसरली. "इंद्रभानभाऊ, तवा तुमाले दिलं नाही, ते वाईट केलं. मी घरात होती, मीबी काई बोलली नाही. आता मदत मांगायले आली. माह्यं इंजिन वाचवा."

 आतून वच्छला बाहेर आली. तिनं आवडाबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिखलानं भरलेले पाय, वाटेत ठेचाळून रक्ताळलेला अंगठा. मग नवऱ्याला म्हणाली, "पाह्यत काय राह्यले? कांदा तिनं वाळवला का इंजिनानं वाळवला, ते मंग पाहू. नदी थांबून राह्यली काय?"

"बैलं चालनार नाईत," इंद्रभान विचार करत म्हणाला. "चाकाखाली टणक पाह्यजे." त्यानं मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं. "कवाड काढा लागते."

"काढा," वच्छला म्हणाली.

"माह्यंबी काढा," आवडाबाई म्हणाली.

इंद्रभानचं कवाड निघालं. शेजारच्या देवमनचं निघालं. बापूरावच्या घराचं कवाड काढताना हिरालाल ओरडत आला, काय चाललंय हे कळल्यावर त्यानंच एक बाजू खांद्यावर घेतली. बाया-माणसं मिळून दहा-बाराजण चिखल तुडवत वाडीत उतरले तेव्हा पाणी विहिरीच्या काठाला लागलं होतं आणि बापूरावचे पाय पाण्यात होते.

"हात लावू नका!" तो ओरडला. "लिवल्या जागेवरून हालवनं गुन्हा हाय!"

"हे बसलेच राह्यले," आवडाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

इंद्रभाननं चऱ्हाटाचा फास गाड्याला घातला. "बसू द्या त्याहिले. ओढू तेवढं अजून."

चाकांचे दगड निघाले. पहारीनं चाक उचललं, खाली कवाड सरकवलं, आणि सगळ्यांनी मिळून जोर केला. इंजिन हललं. वर बापूराव, खाली इंजिन, त्याखाली वच्छलाच्या घराचं दार, अशी ती वरात निघाली. एक कवाड मागे पडलं की बाया ते चिखलातून उपसून पळत पुढे नेऊन टाकायच्या. वच्छला आणि आवडाबाई एकाच कवाडाला दोन बाजूंनी लागल्या होत्या. बोलत नव्हत्या, पण एकीचा पाय घसरला की दुसरी थांबत होती.

चढ सुरू झाला तिथे देवमनचं कवाड मधोमध कडाडलं. डावं चाक खाली बसलं, आणि इंजिन नदीच्या बाजूला कललं. चऱ्हाट धरणाऱ्यांचे पाय घसरू लागले. आवडाबाईच्या तोंडून किंकाळी निघाली. त्या क्षणी बापूराव विमा विसरला. त्यानं वरून उडी मारली, खोळ फेकली, आणि कललेल्या गाड्याखाली खांदा दिला. त्याच्या शेजारी इंद्रभाननं खांदा दिला.

"लाव जोर!" बापूराव ओरडला. "अरे लावा जोर, माह्यं इंजिन चाल्लं!"

"आता तुमचं झालं काय? विम्याचं व्हतं ना?" इंद्रभान दात खाऊन म्हणाला, आणि त्याही अवस्थेत देवमनला हसू फुटलं.

चाक वर आलं. मग चढावर कोणी थांबलंच नाही. इंद्रभानच्या विहिरीजवळच्या मुरमावर इंजिन उभं राहिलं आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वाडी दिसत नव्हती. विहीर दिसत नव्हती. वांग्यांवरून लाल पाणी धावत होतं. वाडी गेली म्हणून आवडाबाई रडली आणि इंजिन आहे म्हणून हसली, दोन्ही एकदमच. देवमननं टोपी हवेत उडवली. वच्छलानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि दार नसलेल्या त्या घरात पावसाबरोबर सगळे आत शिरले.

पूर ओसरल्यावर कळलं की खालच्या काठावरची बाकीची इंजिनं नदीनं नेली. भाऊसिंगचं तर वाळूत गाडलं गेलं, नुसता धुराचा नळ वर दिसत होता. गावाच्या पिण्याच्या विहिरींत गाळ आणि घाण. मग काय, सगळ्यांच्या नजरा एकाच इंजिनाकडे. आज या विहिरीवर, उद्या त्या विहिरीवर, असं ते गावभर फिरलं. ओढायला माणसांची रीघ लागली. पोटऱ्यांपर्यंत गाळात उभी राहून आवडाबाई उपसा कुठे सोडायचा ते ओरडून सांगायची, आणि सरपंचसुद्धा मुकाट्यानं बाजूला व्हायचे. आयुष्यात इतका मान तिला कधी मिळाला नव्हता. तिनं तो मनसोक्त उपभोगला.

बापूराव तेवढा सुकत चालला होता. इंजिन सुरू करून द्यायचा आणि बाजूला जाऊन बसायचा. तो गुन्हेगार होता. विम्याचे साहेब पुराची पाहणी करायला येणार होते.

साहेब आले तेव्हा इंजिन परत इंद्रभानच्या विहिरीजवळच्या मुरमावर उभं होतं. साहेब बुडालेली इंजिनं पाहून दमलेले दिसत होते. त्यांनी काही विचारायच्या आत बापूराव हात जोडून पुढे झाला. "साहेब, हालवलं. माह्या हातून चूक झाली. विमा गेला हे मले ठाऊक हाय."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "अहो, वाचवलंत ना? पाणी येतंय दिसल्यावर हलवायचंच. ते भाऊसिंग विचारत होते नवीन कधी मिळेल, आणि मला उत्तर देता येत नाही. तुम्ही सुटलात."

लोक हसले. बापूरावच्या जिवात जीव आला. एवढ्यावर सगळं गोड झालं असतं. पण आवडाबाईला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "अन् शेजाऱ्याच्या इहिरीवर दोन दिवस नेलं असतं तं?"

"नेलं असतं तर काय? न्यायचं की." साहेबांनी बुटाच्या टोकानं चाकाला स्पर्श केला. "चाकं कशाला दिलीत मग याला?"

 इंद्रभान आपल्या विहिरीकडे पाहत होता. वच्छलाची नजर बापूरावच्या तोंडावर होती. आवडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्याला वाचवावं असं तिला क्षणभर वाटलं, आणि तिनं वाचवलं नाही.

साहेबांच्या हे काही ध्यानात आलं नाही. "आता इंजिन कुठे ठेवणार? जागा सांगा, तशी नोंद करून देतो."

"इथंच लिवा," बापूराव घाईनं म्हणाला. "हे उंच हाय. इथी पाणी येत नाही."

"थांबा साहेब," इंद्रभान शांतपणे म्हणाला. "जमीन कोनाची, ते कोनं इचारलं नाही अजून."

साहेबांनी पेन वर उचललं. बापूराव खाली पाहत उभा राहिला. आवडाबाईला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवून घरी जाणार, आणि आपण जन्मभर याच्याशी भांडणार. पण बापूरावनं टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरून तो इंद्रभानच्या समोर आला.

"इंद्रभानभाऊ, तवा म्या विम्याचं नाव पुढं केलं. मनात दुसरंच व्हतं. ते तुमाले ठाऊक हाय अन् मलेबी ठाऊक हाय."  त्यानं मान वर केली. "तुमच्या जागेवर माह्यं इंजिन ठेवू देता काय?"

 इंद्रभाननं बायकोकडे पाहिलं.

"कांद्याचं रोप टाकाचं हाय आमाले," वच्छला म्हणाली. "पह्यली पाळी आमची."

"पह्यली तुमची."

"दरसाल."

"दरसाल," बापूराव म्हणाला.

आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. आतल्या आत तिला एवढं हसू येत होतं की ती थरथरत होती.

"लिवा साहेब," इंद्रभान म्हणाला.

"विहीर कुणाची म्हणून लिहू?"

इंद्रभाननं नाव सांगितलं. आपलं, बापाचं आणि आडनाव, सगळं सावकाश: "इंद्रभान ग्यानबा पडघान." आणि साहेबांचं लिहून होईपर्यंत बापूराव टोपी हातात धरून त्याच्यासमोर उभा राहिला.